स्पर्धा परीक्षा, इंग्रजी आणि उताऱ्याचे वाचन

(छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांपुढे जी तरुण मंडळी दिसतात, त्यांत शहरातील थोडी आणि बाहेरगावची पुष्कळ असतात. जालना, बीड, परभणी, हिंगोली अशा जिल्ह्यांतून आलेली ही मुलेमुली एखाद्या खोलीत तिघे-चौघे मिळून राहतात, दिवस अभ्यासिकेत काढतात आणि घरी फोन केला की अभ्यास चांगला चालला आहे असे सांगतात. अभ्यास खरोखरच चाललेला असतो. राज्यघटना, इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था यांच्या टिपणवह्या भरत जातात. इंग्रजीचे पुस्तक मात्र बहुधा ढिगाच्या तळाशी असते. त्या विषयात केवळ उत्तीर्ण व्हावयाचे असते, गुण पुढे धरले जात नाहीत, तेव्हा शेवटच्या महिन्यात पाहता येईल, असा सर्वसाधारण हिशेब असतो.

हा हिशेब कोठे चुकतो, ते नियमांतच दिसते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीची आणि एका भारतीय भाषेची अशा ३०० गुणांच्या दोन अनिवार्य प्रश्नपत्रिका असतात. प्रत्येकीत २५ टक्के गुण मिळवावे लागतात. ते न मिळाल्यास निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषय यांतील गुण विचारातच घेतले जात नाहीत. दोन-तीन वर्षांची मेहनत त्या एका कागदापाशी थांबते. राज्यसेवा परीक्षेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून तिच्यातही मराठी आणि इंग्रजी या ३०० गुणांच्या प्रश्नपत्रिकांना २५ टक्क्यांची तीच अट आहे.

पूर्व परीक्षेची गोष्ट याहून बारीक आहे. २०११ पासून पूर्व परीक्षेत कलचाचणीची दुसरी प्रश्नपत्रिका आली. तिच्यातील इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांमुळे ग्रामीण व प्रादेशिक भाषांतून शिकलेल्या उमेदवारांवर अन्याय होतो अशी तक्रार होऊन २०१४ मध्ये दिल्लीत मोठे आंदोलन झाले. त्या वर्षी त्या प्रश्नांचे गुण गुणवत्तेसाठी धरले गेले नाहीत आणि २०१५ पासून ही प्रश्नपत्रिका केवळ अर्हतेपुरती, ३३ टक्क्यांची झाली. पुष्कळांनी त्याचा अर्थ इंग्रजी गेले असा घेतला. इंग्रजीचे स्वतंत्र प्रश्न गेले हे खरे, उतारे राहिले. दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. २०० गुणांपैकी ६६ गुण हवेत आणि प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण. २७ उत्तरे बरोबर आली तर साडेसदुसष्ट होतात. पण चुकीच्या उत्तरामागे एक तृतीयांश गुण वजा होतात. २७ बरोबर आणि केवळ तीन चूक असतील तर ६५ उरतात आणि उमेदवार बाहेर राहतो. अंदाजाने खुणा करणाऱ्यास ही प्रश्नपत्रिका क्षमा करीत नाही.

येथे आणखी एक गोष्ट पालकांना आणि कित्येक शिक्षकांनाही ठाऊक नसते. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीने १९७६ मध्ये दिलेल्या अहवालानंतर १९७९ पासून नागरी सेवा परीक्षेची रचना बदलली आणि आठव्या अनुसूचीतील भाषेतून, अर्थात मराठीतूनही, मुख्य परीक्षेची उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. तिचा लाभ घेऊन मराठी माध्यमातून भारतीय प्रशासन सेवेत आलेल्यांमध्ये १९९० च्या तुकडीचे भूषण गगराणी यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. तथापि उत्तर मराठीत लिहिता येते. प्रश्न मराठीत येत नाही. भाषासाहित्याच्या प्रश्नपत्रिका वगळल्या तर केंद्राच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत छापलेली असते. मराठी माध्यमाच्या उमेदवारास लिहिण्यापूर्वी परभाषेत वाचावेच लागते. 'चर्चा करा' आणि 'चिकित्सक परीक्षण करा' यांतील अंतर त्याला इंग्रजी शब्दांवरून ओळखावे लागते. ते न ओळखता लिहिलेले उत्तम मराठी उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे ठरते.

यावर उपाय म्हणून अनेक जण हिंदीकडे वळतात. लिपी एकच, चित्रपटांमुळे कान सरावलेले; साहजिकच हिंदी सोपी वाटते. पण ओळखीचा चेहरा पाहून माणूस फसावा तसा प्रकार येथे होतो. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड, हिंदीत ते शिक्षण. मराठीत 'संशोधन' प्रयोगशाळेत चालते, हिंदीत ते कायद्यात होते, कारण तेथे त्याचा अर्थ दुरुस्ती. 'आपत्ति' म्हणजे हिंदीत हरकत, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, 'प्रकृति' म्हणजे निसर्ग. एकेकटा शब्द समोर ठेवला तर हे कोणीही सांगेल. दीड मिनिटात उतारा वाचताना मन मात्र सवयीचाच अर्थ उचलते.

मग इंग्रजीत अडते ते काय? शब्द अडतात असा सार्वत्रिक समज आहे, म्हणून शब्दांच्या याद्या पाठ केल्या जातात. यादीतील शब्दाला एकच अर्थ असतो; वाक्यात त्याला शेजार मिळतो आणि अर्थ पालटतो. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, आणि राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात 'सँक्शन' म्हणजे निर्बंध. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि 'ओव्हरसाइट' म्हणजेच नजरचूक. कार्यालयात हे दोन्ही अर्थ एकाच अधिकाऱ्याच्या वाट्याला येण्याचा संभव असतो, हा भाग निराळा. 'फ्यू' म्हटले तर जवळजवळ नाहीत आणि त्याच्याआधी नुसता 'अ' आला तर थोडे आहेत. एका अक्षराने होकार-नकार बदलतो.

याहून मोठी अडचण वाक्याच्या घडणीची आहे. पंचायत सदस्यांच्या परिचयाचे एक वाक्य घ्यावे: 'नो पेमेंट शॅल बी मेड अनलेस द वर्क हॅज बीन मेझर्ड.' मराठीत हेच वाक्य 'कामाचे मोजमाप झाल्याशिवाय कोणतेही देयक अदा करू नये' असे होते. मराठी वाक्य अट आधी सांगते आणि निर्णय शेवटी. इंग्रजी वाक्याने येथे निर्णय पहिल्या शब्दातच सांगितला आणि अट मागून आणली. मराठी वळणाने वाचणारा विद्यार्थी 'पेमेंट', 'मेड', 'वर्क', 'मेझर्ड' हे चार ओळखीचे शब्द टिपतो आणि काम मोजले, पैसे दिले, असा अर्थ लावून पुढे जातो. 'नो' आणि 'अनलेस' हे दोन लहान शब्द त्याच्या हातून निसटलेले असतात. परीक्षेत याची किंमत तीन-सव्वातीन गुण. पुढे तोच विद्यार्थी गटविकास अधिकारी झाला आणि तेच वाक्य तसेच वाचले, तर किंमत गावाला मोजावी लागते.

शब्द आणि वाक्य जमले तरी उतारा जमतोच असे नाही, आणि येथे इंग्रजीचा संबंध जवळजवळ सुटतो. समजा, एका उताऱ्यात असे म्हटले आहे की, एका धरणामुळे लाभक्षेत्रातील सिंचन वाढले, परंतु कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील गावांना पाणी अनियमित मिळते. प्रश्न आहे: या उताऱ्यातून कोणता निष्कर्ष निघतो? एक पर्याय म्हणतो, कालव्याच्या वरच्या भागात ऊस वाढल्यामुळे खाली पाणी पोहोचत नाही. दुसरा म्हणतो, सिंचनक्षेत्र वाढले म्हणजे पाणीवाटप समान झाले असे नाही. जायकवाडीचे कालवे आणि दुष्काळ पाहत वाढलेला मराठवाड्यातील विद्यार्थी पहिल्या पर्यायावर खूण करतो. त्याचे म्हणणे एखाद्या ठिकाणी खरेही असेल. उताऱ्यात मात्र उसाचा उल्लेखच नाही. उत्तर दुसरे आहे. ज्याला विषय चांगला ठाऊक, तोच येथे अधिक चुकतो, कारण तो उतारा न वाचता स्वतःच्या मनातील मजकूर वाचतो. हाच उतारा शुद्ध मराठीत दिला तरी चूक हीच होते. कोणत्याही शिक्षकाने आठवीच्या वर्गात करून पाहावे.

म्हणून या परीक्षेची तयारी पदवीनंतर शहरातील शिकवणीत सुरू होते हे म्हणणे पुरेसे नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. त्या पिढ्या आता या परीक्षांना बसत आहेत. त्यांना इंग्रजी अक्षरांची भीती नाही. परंतु धड्याखालचा प्रश्न घ्यावयाचा, त्यातील शब्द धड्यात शोधावयाचा आणि तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य वहीत उतरवून काढावयाचे, ही उत्तरे लिहिण्याची रीत मराठीच्या तासाला लागली आणि तशीच इंग्रजीच्या तासाला गेली. त्यात विद्यार्थी दहा वर्षे उत्तीर्ण होतो आणि वाचीत मात्र नाही. चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये लंडनमध्ये आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले. त्याआधी १९१२ मध्ये मॅट्रिकला त्यांनी मिळवली ती शिष्यवृत्ती संस्कृतची, जगन्नाथ शंकरशेठ यांच्या नावाची होती. एका भाषेत बारकाईने वाचण्याची शिस्त लागलेला मनुष्य ती दुसऱ्या भाषेत नेतो.

मराठवाड्याला परभाषेतील कागद नवा नाही. निजामाच्या राजवटीत दरबार, न्यायालय आणि महसूल यांचा कारभार उर्दूत चाले. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि वरिष्ठ शिक्षणात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या येथील मुलाला चढाव्या लागत. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले, पुढे तेच मिलिंद महाविद्यालय झाले, आणि १९५८ मध्ये विद्यापीठ आले, तेव्हा कोठे खेड्यातील मुलाला उच्च शिक्षण आवाक्यात दिसू लागले. कागद न वाचता येण्याचा तोटा येथे पिढ्यान्‌पिढ्या सोसला गेला आहे. २०२३ मध्ये निजामकालीन जुन्या नोंदी तपासण्याची वेळ आली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली, हे अनेक सदस्यांनी पाहिलेच आहे.

इंग्रजीच्या अनिवार्य प्रश्नपत्रिकेत निबंध, उताऱ्यावरील प्रश्न, सारांशलेखन आणि व्याकरण एवढेच असते व तिची पातळी शालान्त परीक्षेची असते. त्यांतील सारांशलेखनाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दिलेला उतारा एक तृतीयांश शब्दांत आणि स्वतःच्या भाषेत लिहावयाचा असतो. उमेदवार मधली वाक्ये गाळून उरलेली जोडतात. तो सारांश होत नाही, तो फाटका उतारा होतो. वस्तुतः हे काम म्हणजे कार्यालयातील टिपणीच होय. चाळीस पानांची नस्ती वरिष्ठांपुढे ठेवताना तीत मागणी काय, अडचण काय आणि निर्णय कशावर हवा, हे एका पानात सांगावे लागते. परीक्षेने हा प्रश्न उगाच ठेवलेला नाही.

याचा सराव खेड्यातही होऊ शकतो आणि त्यासाठी महागडे पुस्तक लागत नाही. ग्रामपंचायतीत येणारे शासन निर्णय हे उत्तम उतारे आहेत. त्यांतील प्रस्तावना कोणती आणि प्रत्यक्ष आदेश कोठून सुरू होतो, लाभ कोणाला, मुदत कोणती, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, अपवाद कोणाला, एवढे नववी-दहावीच्या मुलांकडून काढून घ्यावे. मग तोच निर्णय मराठीत एक तृतीयांश करून घ्यावा. हे जमल्यावर इंग्रजी वृत्तपत्रातील दोन परिच्छेद घेऊन तेच करावे. प्रथम मराठीत सारांश, काही महिन्यांनी इंग्रजीत. प्रत्येक उत्तरासमोर उताऱ्यातील आधाराची ओळ क्रमांकाने लिहिण्याची सक्ती असावी. ओळ सापडली नाही तर उत्तर कितीही पटणारे असले तरी कापावे. सुरुवातीला मुले नाराज होतात. शिक्षकांनाही तपासण्याचा भार वाढतो, हे मान्य करावयास हवे. आठवड्याला एकच उतारा घेतला तरी चालेल.

राहिला प्रश्न साहित्याचा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि पंचायतींकडे सोपविता येण्याजोगे जे २९ विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत दिले आहेत, त्यांत ग्रंथालये हाही एक आहे. गावच्या वाचनालयात मराठी दैनिके येतात; इंग्रजी दैनिक कोण वाचणार म्हणून बहुधा घेतले जात नाही. ज्या गावापर्यंत ते रोज पोहोचत नाही, तेथे तालुक्याहून आठवड्याचे अंक एकदम आणले तरी काम भागते. चालू घडामोडींसाठी शिळे वर्तमानपत्र कुचकामी ठरेल. उतारा म्हणून ते महिन्यानंतरही तितकेच उपयोगी असते, आणि रद्दीच्या भावाने मिळते.