तिरकी नजर कुणाची?

(महिला आरोग्य शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



माझी मान डावीकडे वळलेली आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे. समोर बसलेल्या तुमच्याकडे बघायचं तर मला डोळे उजव्या कोपऱ्यात न्यावे लागतात. लोक म्हणतात, "ही बाई तिरकं बघते." घरचे म्हणाले, "नखरे आहेत." एका डॉक्टरांनी मनाचा आजार ठरवून झोपेच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षं त्यात गेली.

या आजाराला सर्व्हायकल डिस्टोनिया म्हणतात. मेंदूकडून मानेच्या स्नायूंना चुकीचे हुकूम जातात, ते आपोआप आखडतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा जास्त आढळतो. बहुधा चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो.

आता एक करून बघा. स्वतःच्या बोटाकडे बघत मान "नाही, नाही" अशी हलवा. बोट स्थिर दिसतं ना? कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव डोक्याची हालचाल टिपतो आणि मेंदू लगेच डोळे तेवढेच उलटे फिरवतो. आपल्याला कळतही नाही. आमच्यापैकी बऱ्याच जणींचे डोळे हे काम जवळजवळ नीट करतात; काहींच्यात डाव्या-उजव्या बाजूंत फरक सापडतो.

मेंदूत डोळे जागेवर धरून ठेवायला मदत करणारा पेशींचा एक गट आहे. २००२ साली कॅनडातल्या संशोधकांनी माकडांमध्ये तो औषधाने थोडा वेळ बंद केला. माकडांचं डोकं एका बाजूला कललं. आता माकडंसुद्धा नखरे करतात म्हणायचं का?

हनुवटीला नुसतं बोट लावलं की माझी मान थोडी सरळ होते. "बघा, नाटक!" असं ऐकलंय मी. खरं तर ही या आजाराची ओळखीची खूण आहे. हा मेंदूचा आजार आहे, असं लंडनच्या डॉ. डेव्हिड मार्सडेन यांनी १९७६ सालीच मांडलं होतं. तरी अजून आपल्यालाच पुरावे द्यावे लागतात.

आजार मुळापासून जात नाही. पण आखडलेल्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं दिली तर साधारण तीन महिने आराम पडतो. मग ती पुन्हा घ्यावी लागतात. खर्च मोठा आहे. सरकारी दवाखान्यात ती मिळावीत, ही मागणी आपण करायला हवी.

तुमच्या गटात अशी कुणी आली तर आधी तिचं म्हणणं खरं माना. मग मेंदूविकारतज्ज्ञांकडे तिच्यासोबत जा. एकटीला पाठवू नका.