बारा तासांची तलवार

जपानच्या स्क्वेअर कंपनीनं ७ जुलै २००० रोजी प्लेस्टेशनसाठी ‘फायनल फँटसी नाइन’ हा गेम बाजारात आणला. चार डिस्कचा गेम, सावकाश खेळला तर पस्तीस-चाळीस तास सहज खाणारा. त्यात एक तलवार आहे, एक्सकॅलिबर टू. ती अगदी शेवटी, मेमोरिया नावाच्या जागी एका खांबाशेजारी असते. मात्र गेमच्या घड्याळात बारा तास भरायच्या आत तिथं पोहोचावं लागतं. एक मिनिट जरी उशीर झाला, तरी तलवार गेली.

एखादा गेम कमीत कमी वेळात आरंभापासून शेवटापर्यंत खेळून दाखवणं, याला स्पीडरन म्हणतात. आज तो जगभरचा छंद आहे. ‘गेम्स डन क्विक’ नावाचा मेळा जानेवारी २०१० पासून भरतो आणि तिथं रात्रंदिवस स्पीडरन करून सेवाभावी संस्थांसाठी निधी गोळा करतात. पण ‘फायनल फँटसी नाइन’ची गोष्ट मला फार आवडते, कारण इथं घाईचं बक्षीस खुद्द गेम रचणाऱ्यांनीच ठेवलेलं आहे.

आपल्या मुंबईच्या उपनगरांत असले लांबलचक गेम उशिरा पोहोचले. नव्वदच्या दशकात बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या घराघरांत जो ‘टीव्ही गेम’ होता, त्याच्या कॅसेटमध्ये काँट्रा आणि मारिओ असायचे. खेळ अर्धवट ठेवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करायची सोय त्या कॅसेटमध्ये नसायची. प्लेस्टेशन आला तो आधी गेम पार्लरमध्ये. स्टेशनजवळच्या एखाद्या गाळ्यात चार टीव्ही, पुढे प्लास्टिकची स्टुलं आणि तासावर भाडं. तिथं टेकन चालायचा, कुस्ती चालायची, क्रिकेट चालायचं. ज्या गेमचा पहिला तास राजवाड्यातलं नाटक बघण्यात आणि छपरांवरून पळण्यात जातो, त्यासाठी पार्लरमध्ये पैसे कोण मोजणार? म्हणून आमच्यापैकी ज्यांना या गेमचं वेड लागलं, त्यांच्या घरी नाहीतर मित्राच्या घरी नकली डिस्क चालवणारी चिप टाकलेला प्लेस्टेशन होता.

डिस्क बहुतेक अमेरिकन आवृत्तीच्या नकला. आपल्याकडचं टीव्हीचं प्रक्षेपण तेव्हा पाल पद्धतीचं, अमेरिकेचं एनटीएससी, त्यामुळे जुन्या रंगीत टीव्हीवर सगळा गेम कृष्णधवल दिसायचा. पुढचा रस्ता अडला की सायबर कॅफेत जाऊन मार्गदर्शनाची पानं छापून आणायची. ती इतकी हाताळली जायची, की घडीवरची ओळ पुसून जायची आणि नेमकी तीच हवी असायची.

घरात टीव्ही एकच. आठ वाजता आईची मालिका. आणि या गेममध्ये मनात येईल तिथं सेव्ह करता येत नाही. गुहेत, किल्ल्यात, गावात कुठेतरी मूगल नावाचा पांढरा, पंखवाला प्राणी गाठावा लागतो, तोच तुमची नोंद ठेवतो. “आई, मूगल भेटला की बंद करतो” हे वाक्य बाहेरच्या माणसाला काय कळणार! मुलुंड-भांडुपच्या मित्रांचे हाल याहून मोठे. अंधेरी-बोरिवलीला वीज जात नसे तेव्हा त्यांच्याकडे भारनियमन होतं. मूगलपर्यंत पोहोचायच्या आत वीज गेली, की दुपारभराची मेहनत पाण्यात.

आता ही तलवार मिळवायची तर काय करावं लागतं? घड्याळ एकदा सुरू झालं की मधली दृश्यं चालू असतानाही पळत राहतं. लढाई सुरू होताना कॅमेरा सावकाश फिरतो, तेही तुमच्या हिशेबातून जातं. म्हणून शक्य तिथून पळ काढायचा. लढाया कमी झाल्या की पात्रं कमजोर राहतात, मग कोणती वस्तू कोणाच्या अंगावर घालायची आणि त्यातून कोणती विद्या शिकवायची, याचा कागदावर आधीच हिशेब मांडायचा. चित्रफिती सुंदर आहेत, पण त्या वेळ खातात. त्यावर खेळाडूंनी शोधलेला उपाय असा: चित्रफीत चालू झाली की प्लेस्टेशनचं झाकण उघडायचं. डिस्क वाचता येईना की यंत्र ती चित्रफीत सोडून देतं, मग झाकण लावून पुढे जायचं. युरोपातल्या पाल आवृत्तीवर तर हे आणखी कठीण. तिथं गेम सेकंदाला साठऐवजी पन्नास चित्रांच्या गतीनं हळू चालतो, घड्याळ मात्र आपल्याच वेगानं धावतं.

मुलुंडहून अंधेरीला नोकरीला जाणाऱ्या माणसाला वेळेचा हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यासमोर कोणता डबा येतो, हे त्याला पाठ असतं आणि तो मुलुंडलाच त्या डब्याच्या जागी उभा राहतो. हे ज्ञान एका दिवसात येत नाही. स्पीडरनरचंही तसंच. तो उतावळा आहे असं अनेकांना वाटतं, आणि मला ते अजिबात मान्य नाही. ज्यानं या गेमची पारायणं केली, प्रत्येक गल्ली हिंडून पाहिली, त्यालाच कोणती गल्ली सोडायची हे ठरवता येतं.

शिवाय हा गेम सावकाश खेळणाऱ्यालाही उपाशी ठेवत नाही. फ्रेया नावाची भालाईत आहे. तिच्या एका खास हल्ल्याचा जोर तुम्ही आजवर किती ड्रॅगन मारले त्या संख्येच्या वर्गाइतका असतो. दहा मारले तर शंभर. शंभर मारले तर गेमची कमाल मर्यादा, ९,९९९. एका हातानं घाईला तलवार, दुसऱ्या हातानं चिकाटीला ही ताकद. असं न्यायी वाटप मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

आणि ज्या गोष्टीत हे घड्याळ बसवलं आहे, ती गोष्ट तरी कशाची? टोकदार टोपी घातलेला विवी हा छोटा जादूगार खोटं तिकीट घेऊन नाटकाला येतो. त्याच्यासारखे काळे जादूगार डाली गावाखालच्या कारखान्यात लढाईसाठी बनवले जातात, हे त्याला पुढे कळतं. त्यातले काही पळून जंगलात गाव वसवतात. त्या गावात २८८ क्रमांकाचा जादूगार विवीला सांगतो, की आपल्यातले बरेच जण साधारण वर्षभरात थांबतात. गावात थडगी आहेत. आपल्याला किती वेळ आहे हे ठाऊक नसताना काय करायचं, हा प्रश्न विवी उरलेला सगळा गेम मनात बाळगतो. चौदाव्या वर्षी मी हा संवाद बटण दाबत पुढे ढकलला होता. आता तलवारीच्या मागे असतानाही तिथं थांबतो. ती तीन-चार मिनिटं मी आधीच हिशेबात धरून ठेवलेली असतात.

२०१६ साली हा गेम मोबाइलवर आला. सेव्ह आपोआप होतो, वेग वाढवायची सोय आहे, लढाया टाळायचीही आहे. बोरिवलीहून चर्चगेटला जाताना मी तो खेळतो. पण तलवारीचा प्रयत्न जुन्या यंत्रावरच करतो. झाकण उघडण्याची ती खटकन होणारी हालचाल फोनवर कुठून आणणार?

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. लिंडब्लम शहरात टँटलस या नाटक मंडळीचा अड्डा आहे. चौथ्या डिस्कवर एखादी घटना घडली की त्या अड्ड्यावर चक्कर मारायची, पुन्हा काही घडलं की पुन्हा जायचं, असं करत राहिलं तर नेरो भावंडांची एक छोटी उपकथा उलगडते. जपानी मार्गदर्शक पुस्तकात ती होती. इंग्रजीत खेळणाऱ्या बहुतेकांना मात्र तिचा पत्ता २०१३ साली लागला, गेम निघाल्यावर तेरा वर्षांनी! शेवटाच्या तोंडाशी आलेला माणूस पुन्हा पुन्हा मागे कशाला जाईल? बातमी कळल्यावर मी पहिल्या डिस्कपासून नवी फेरी सुरू केली. चौथ्या डिस्कवर आलो तेव्हा घड्याळ बारा तासांच्या आत होतं, मेमोरिया समोर होतं. त्या फेरीत तलवारीवर पाणी सोडलं आणि लिंडब्लमच्या चकरा मारायला लागलो.