विहिरीच्या पाण्याची साक्ष

विहिरीचे पाणी बिघडले, की गावात पहिला प्रश्न निघतो तो ‘कोणी बिघडविले?’ हा. मळेवाला गावच्या गटाराकडे बोट दाखवितो, गावकरी केळीच्या बागेत पडणाऱ्या खताकडे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील काही विहिरींत नायट्रेट हा क्षार मर्यादेबाहेर असल्याची नोंद केंद्रीय भूजल मंडळाने केलेली आहे. लिटरला 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. तो फार वाढला, तर वरच्या दुधावरील तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि मूल निळे पडते. पाणी उकळून हा क्षार जात नाही. म्हणून त्याचे मूळच शोधले पाहिजे.

नायट्रेटमधील नत्र दोन प्रकारचा असतो, हलका आणि जड. युरियातील नत्र कारखान्यात हवेतून घेतलेला, म्हणून त्यात जड नत्राचे प्रमाण जवळजवळ हवेइतकेच. शेणामुतातून आणि मैल्यातून मात्र हलका नत्र अमोनिया होऊन आधी उडतो, जड मागे राहतो. हे प्रमाण हवेपेक्षा हजारी 10 ते 20 ने अधिक भरले, तर संशय गोठ्याकडे आणि संडासाकडे वळतो. पण एका साक्षीवर निकाल देऊ नये. जमिनीतील काही जंतूही हलका नत्र आधी वापरतात. मग खताचे नायट्रेट मैल्यासारखे दिसू लागते. म्हणून त्यातील प्राणवायूचीही तशीच तपासणी करतात.

आता वयाचा प्रश्न. 1950 नंतरच्या अणुस्फोटांनी हवेत ट्रिशियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन पसरला. 1963 च्या सुमारास आपल्या गोलार्धाच्या पावसात तो सर्वाधिक होता. सुमारे 12.3 वर्षांत तो निम्मा होतो आणि त्याचा हेलियम बनतो. उरलेला ट्रिशियम आणि साठलेला हेलियम यांचा हिशेब मांडला, की पाणी मुरून किती वर्षे झाली याचा अंदाज येतो.

याचा उपयोग काय? तापीकाठच्या जाड गाळातून पाणी सावकाश उतरते. काळ्या खडकाच्या भेगांतून ते झटकन वाहू शकते. पाणी नवे निघाले, तर गटार बांधल्याचा किंवा खत आवरल्याचा गुण लवकर येईल. जुने निघाले, तर आजचा शहाणपणा विहिरीत उतरायला वर्षे लागतील. तोवर मुलांसाठी दुसऱ्या पाण्याची सोय करणे हे आपले काम आहे.

तेव्हा भांडणाआधी पाण्याचा नमुना तपासायला पाठवा, एवढीच माझी विनंती.