खोटे प्रौढांचे, शिक्षा मुलाला

खिलाडूवृत्तीवर व्याख्याने पुष्कळ होतात. पंचाचा निर्णय मानावा, पराभव हसतमुखाने स्वीकारावा, असा उपदेश त्यांत मुलांना केला जातो. परंतु मुलांच्या क्रीडेतील सर्वांत मोठी लबाडी मैदानावर होतच नाही. ती जन्मदाखल्यावर होते, आणि ती करणारे हात प्रौढांचे असतात. अठरा वर्षांचा मुलगा सोळा वर्षांखालील संघात उतरतो, तेव्हा दाखल्यावरची तारीख त्याने स्वतः क्वचितच बदललेली असते.

डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीतील पतौडी स्मृती-व्याख्यानात राहुल द्रविड यांनी नेमके यावरच बोट ठेवले. आईवडील आणि प्रशिक्षकच खोटा दाखला करताना जो मुलगा पाहतो, तो पुढे सामन्यांच्या सौदेबाजीपासून दूर का राहील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

यावर गरिबीचा बचाव पुढे येतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. रोजगार दुर्मिळ असताना दाखल्यावरचे एक वर्ष घराचे भवितव्य ठरवू शकते. हा बचाव सहानुभूतीने ऐकावा, पण मान्य करू नये. कारण संघात जागा अकराच. चौदा-पंधराव्या वर्षी एका वर्षाचे अंतर म्हणजे खांद्यातले बळ आणि चेंडूचा वेग. त्या वेगापुढे जो मागे पडतो, तोही बहुधा त्याच वस्तीतला, तितक्याच गरीब घरातला असतो. त्याची नोंद कोठेच होत नाही. आपल्यातच गुण नाही, अशी समजूत करून घेऊन तो घरी जातो. गरिबाच्या नावाने गरिबालाच लुबाडण्याचा हा प्रकार आहे.

उपाय झाले आहेत. केंद्र शासनाने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध संहिता केली. क्रिकेट नियामक मंडळ मनगटाच्या हाडांची क्ष-किरण तपासणी करते. मात्र तिचे उत्तर अखेर अंदाजच, आणि लवकर वाढ झालेले प्रामाणिक मूलही त्यात सापडू शकते. २०२० मध्ये मंडळाने खरे वय आपणहून सांगणाऱ्यांना अभय दिले, न सांगता सापडणाऱ्यांना दोन वर्षांची बंदी ठेवली. बंदी भोगायची ती मुलाने! ज्याने दाखला आणून दिला त्या प्रौढालाही त्याच दिवशी मैदानाबाहेर काढले पाहिजे.

त्यासाठी मंडळाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुक्यातील क्रीडामंडळांनी संघ निवडताना प्रत्येक मुलाची जन्मतारीख, आणि दाखला कोणी सादर केला त्याचे नाव, फलकावर लावावे. कोणाचे मूल कोणाच्या आधी जन्मले, हे गावाला ठाऊक असते.