पान कोणी उलटलं?



या मेळाव्याला अ‍ॅप तयार करणारी माणसं आली आहेत, तशीच अ‍ॅपमधली मराठी लिहिणारीही आली आहेत. दोघांच्याही रोजच्या कामातली एक लहान गोष्ट मी या भाषणासाठी निवडली आहे : अ‍ॅपमधला टॅब कोडनं बदलणं. वापरणाऱ्यानं खालच्या बटनाला हात लावलेला नाही, तरी आपल्या कोडनं त्याला एका पानावरून दुसऱ्या पानावर न्यायचं. एका ओळीचं काम. मी ती ओळ कित्येक वर्षं लिहीत आलो, आणि तिच्याकडे नीट पाहिलं ते माझ्या काकूच्या वावरात, बांधावर बसून.

काकूचं वावर इथल्याच सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर आहे. हळद लावलेली होती. आम्ही काही जणांनी मिळून पिकाच्या नोंदीचं एक छोटं अ‍ॅप केलं होतं. खाली पाच टॅब : मुख्य, शेत, माझ्या नोंदी, नोंद, हवामान. काकूनं ‘नोंद’ उघडलं, हळदीचं वाण लिहिलं, क्षेत्र लिहिलं, लागवडीची तारीख टाकली. मराठी कळफलकावर एकेक अक्षर शोधत तिनं हे केलं, अंगठ्याची माती पदराला पुसत. मग फोटोचं बटन दाबलं. कॅमेरा उघडला, फोटो निघाला, ती परत आली, तर समोर ‘मुख्य’ पान. लिहिलेलं काहीच नाही. तिला वाटलं आपलंच काही चुकलं. तिनं पुन्हा सगळं लिहिलं, पुन्हा फोटो काढला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिनं फोन माझ्यापुढे धरला.

“लेकरा, मी तर नुसता फोटो काढला. हे मला दरवेळी दारात कामून आणून सोडतंय?”

दारात आणून सोडणं. या बिघाडाचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्याही तांत्रिक पुस्तकात वाचलेलं नाही.

घडत होतं ते असं. काकूचा फोन जुना, मुलानं वापरून दिलेला, मेमरी जेमतेम. कॅमेरा उघडला की त्याला जागा हवी, म्हणून अँड्रॉइड मागे पडलेलं आमचं अ‍ॅप बंद करून टाकत असे. यात अँड्रॉइडचा दोष नाही. त्याची रीतच ती आहे, आणि बंद करण्याआधी ते अ‍ॅपला चार गोष्टी गाठोड्यात बांधून ठेवायची संधीही देतं. काकू कॅमेऱ्यातून परतली की अ‍ॅप नव्यानं उभं राही, आणि उभं राहताना माझी ओळ चाले : पहिला टॅब दाखव. आधीचं गाठोडं आहे का, माणूस कुठे होता, हातात काय होतं, हे मी विचारतच नव्हतो. माझ्या पुण्यातल्या फोनला भरपूर मेमरी. तिथे अ‍ॅप कधी बंदच पडलं नाही, म्हणून ही चूक मला कधी दिसली नाही. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत ‘अ‍ॅक्टिव्हिटी ठेवू नका’ अशा अर्थाची एक खूण असते. ती लावली की कुठलाही महागडा फोन बराचसा काकूच्या फोनसारखा वागू लागतो. ती खूण मी तोवर कधीच लावली नव्हती.

आणि हे फक्त आमच्या छोट्या अ‍ॅपपुरतं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. गाव नमुना बारामधली पिकाची नोंद पूर्वी तलाठी घेत असत, ती शेतकऱ्यानं स्वतः आपल्या फोनवरून, वावरात उभं राहून, फोटोसह करायची, असं ठरलं. सातबारा हा खरं तर दोन नमुन्यांचा कागद आहे, सात हक्काचा आणि बारा पिकाचा. आज बाराच्या रकान्यापर्यंत पोचायची वाट बऱ्याच घरांत मोबाइलच्या पडद्यावरून जाते. अशा वेळी पान कोण उलटतं आणि केव्हा उलटतं, ही केवळ सजावटीची बाब राहत नाही.

आता थोडं यंत्राच्या पोटात शिरू. लिहिणाऱ्या मंडळींनीही ऐकावं, कारण यात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे.

टॅब बदलायची आज्ञा प्रत्येक ठिकाणी वेगळी. अँड्रॉइडच्या व्ह्यूपेजरला ‘सेट करंट आयटम’ म्हणायचं, आयफोनच्या टॅबबार कंट्रोलरचा ‘सिलेक्टेड इंडेक्स’ बदलायचा, फ्लटर या साधनातल्या टॅब कंट्रोलरला ‘अ‍ॅनिमेट टू’ सांगायचं. इथवर सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे. टॅब बदलला हे बाकीच्या अ‍ॅपला कळवायला एक कान ठेवलेला असतो, त्याला आपण लिसनर म्हणतो. आयफोनच्या टॅबबार कंट्रोलरचा हा कान फक्त बोट ऐकतो. माणसानं टॅब दाबला तर निरोप येतो, तोच टॅब कोडनं बदलला तर निरोप येत नाही, आणि अ‍ॅपलच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. अँड्रॉइडच्या तळपट्टीचा, म्हणजे बॉटम नेव्हिगेशनचा, कान दोन्ही ऐकतो. बोट असो की कोड, निरोप सारखाच. फ्लटरचा कान एकाच बदलाला दोनदा वाजतो, पान सरकायला लागताना एकदा आणि सरकून झाल्यावर एकदा.

तीन घरांच्या या तीन रीती. एकाच माणसानं आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींचं अ‍ॅप लिहिलं की घोटाळे होतात ते इथेच. आयफोनवर कोडनं टॅब बदलला तरी पानाला पत्ता नसतो आणि त्यावर जुनीच माहिती राहते. अँड्रॉइडवर लिसनर पान बदलतो, पान टॅब बदलतं, टॅब पुन्हा लिसनरला हाक मारतो, आणि घाण्याच्या बैलासारखं सगळं जागच्या जागी फिरत राहतं. पण मला त्याहून मोठा वाटतो तो नोंदीचा खोटेपणा. आमच्या हिशेबात लिहिलेलं असायचं : ‘हवामान’ टॅब इतक्या वेळा उघडला गेला. त्यातल्या कितीदा माणसानं उघडला आणि कितीदा आम्हीच त्याला तिथे ढकललं? आमच्या वहीत हा फरकच नव्हता. आपणच पान उलटायचं आणि वाचकानं उलटलं असं लिहून ठेवायचं, हे मला आता सहन होत नाही. आमच्या अ‍ॅपमध्ये आम्ही प्रत्येक बदलासोबत एक शब्द नोंदवू लागलो : बोटानं, की कोडनं. त्या एका शब्दानं अर्धे वाद मिटले.

दुसरी गोष्ट आकड्यांची. टॅबची मोजणी शून्यापासून होते, म्हणून तिसरा टॅब म्हणजे दोन. ‘दोन नंबरच्या टॅबवर जा’ असं कोडमध्ये दहा ठिकाणी लिहून ठेवलं आणि सहा महिन्यांनी कुणी मध्येच ‘बाजारभाव’ टॅब घातला, की नोंद साठवणारा माणूस बाजारभावावर जाऊन पडतो. आपल्याकडे वावरांना नावं असतात. चिंचेचं वावर, विहिरीचं वावर, नदीकडचं वावर. जमिनीचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, कागदावरचे आकडे बदलले, पण घरातून न्याहारी निघते ती आजही चिंचेच्या वावराकडेच. टॅबलाही नाव द्या आणि नावानं जा. रिअ‍ॅक्ट नेव्हिगेशन या लायब्ररीत आपण नावानंच जातो. बाकी ठिकाणीही नाव आणि आकडा यांची जोडणी एकाच जागी ठेवता येते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कोडनं पान उलटावं तरी केव्हा?

इथून जवळच औंढा नागनाथ आहे. तिथली गोष्ट तुम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकली असेल. नामदेव देवळापुढे कीर्तन करत होते, त्यांना तिथून उठवून मागच्या बाजूला पाठवलं, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. गावकरी आजही मागच्या बाजूला असलेला नंदी दाखवून ही गोष्ट सांगतात. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यांतही देऊळ फिरल्याचा उल्लेख येतो. श्रद्धेच्या अंगानं ही गोष्ट आपल्या सगळ्यांची आहेच. मी आज तिच्यातली एकच बाजू तुमच्यापुढे धरतो. देऊळ फिरलं, पण कीर्तन मोडलं नाही. देऊळ फिरताना गाणाऱ्याला सूर सोडून उठावं लागलं नाही, ‘आता इकडे तोंड करा’ असं कुणी म्हटलं नाही. तो जिथे होता तिथेच होता, आणि जे फिरायचं ते त्याच्या बाजूला फिरलं.

काकूच्या फोनवर नेमकं उलट झालं. देऊळ जागच्या जागी राहिलं आणि गाणाऱ्याला उचलून दारात ठेवलं.

या कसोटीवर मी आता प्रत्येक ठिकाण घासून पाहतो. नोंद पूर्ण झाली, साठवली गेली, आता काकूला ‘माझ्या नोंदी’ पानावर नेऊन ती नोंद दाखवायची : योग्य, कारण तिचं काम तिथेच जात होतं. पाऊस येणार अशी सूचना आली, तिनं त्या सूचनेवर बोट ठेवलं, अ‍ॅप थेट ‘हवामान’ टॅबवर उघडलं : हेही योग्य, कारण मागणं बोटाचं होतं, आपण फक्त वाट चाललो. पण ती अर्धी नोंद लिहीत असताना मागून नवी माहिती आली म्हणून पान उलटणं, किंवा पैसे मिळतात म्हणून अ‍ॅप उघडताच माणसाला खरेदीच्या टॅबवर नेऊन टाकणं, हे मी चूक मानतो. दुसऱ्या प्रकाराला मी चूक म्हणूनही थांबणार नाही. माणसाच्या हाताखालून पान ओढून घेणं म्हणजे त्याला फसवणं.

हे केवळ माझं मत नाही. वेबवरच्या सुलभतेचे नियम, डब्ल्यूसीएजी, यांची दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. रकान्यात काही भरल्यामुळे संदर्भच बदलणार असेल तर माणसाला आधी सांगितलेलं असलं पाहिजे, हा नियम त्यात सर्वांत खालच्या, म्हणजे अनिवार्य मानलेल्या पातळीवर आहे. पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर लावून फोन वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाचा विचार करा. त्याच्यासाठी पडदा म्हणजे एका वेळी ऐकू येणारी एक ओळ. पान गुपचूप बदललं तर त्याच्या पायाखालची पायरीच नाहीशी होते. आधी सांगायची रीत आपल्याकडे नवी नाही. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी धरण आहे, खाली हे सिद्धेश्वर. पावसाळ्यात धरणं भरली की दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना सावध करतात. पाणी सोडायलाच लागणार हे सगळ्यांना माहीत असतं, तरी आधी सांगतात, कारण काठावर कुणाची गुरं असतात, कुणाची मोटर असते.

आणि सांगायचं ते कसं, हे लिहिणाऱ्या मंडळींच्या हातात आहे. ‘यशस्वीरीत्या सबमिट केले, पुनर्निर्देशित करत आहोत’ हे वाक्य मी अनेक अ‍ॅपमध्ये पाहिलं. मराठी अक्षरांत लिहिलेलं आहे, पण ते कुणाच्याच तोंडी नाही. काकू टॅबला ‘टॅब’ म्हणत नाही, ‘खालचं बटन’ म्हणते. आम्ही शेवटी लिहिलं : ‘नोंद ठेवली. खाली “माझ्या नोंदी”त दिसेल.’ ही दोन वाक्यं ठरवायला आम्हाला आठवडा लागला. तिघांनी भांडून ठरवली, आणि मला त्या आठवड्याचा अभिमान आहे. या मेळाव्यात कोड लिहिणारे आणि मराठी लिहिणारे एका मांडवाखाली बसले आहेत, ते याच कामासाठी.

मागे फिरण्याची वाटही उघडी हवी. कोडनं नेलं असेल तर ‘मागे’ दाबल्यावर माणूस जिथून निघाला तिथेच पोचला पाहिजे, आणि तिथलं त्याचं लिहिलेलं, सरकवलेलं सगळं तसंच असलं पाहिजे. अँड्रॉइडच्या नेव्हिगेशन लायब्ररीत प्रत्येक टॅबचा मागचा प्रवास वेगवेगळा जपण्याची सोय २०२२ च्या सुरुवातीला, २.४ या आवृत्तीत आली. त्याआधी आमच्यातले कित्येक जण टॅब बदलला की मागचं सगळं पुसून टाकत, आणि त्याला स्वच्छता म्हणत. आज ती सबब चालणार नाही.

काकूच्या वावरातल्या त्या दिवसानंतर मी आमच्या अ‍ॅपची ती ओळ बदलली. आता अ‍ॅप उभं राहताना आधी गाठोडं उघडतं : कोणतं पान होतं, काय लिहिलं होतं, फोटो कुठे ठेवला होता. काहीच नसेल तरच पहिला टॅब. कॅमेऱ्याकडे जाण्याआधी प्रत्येक अक्षर फोनमध्येच उतरवून ठेवतं, नेटवर्क असो नसो. पुण्यात ती ‘ठेवू नका’ची खूण लावून आम्ही हे दिवसभर तपासलं. मग मी मुद्दाम गावी आलो.

काकू वावरातच होती. तिनं पदरात गुंडाळलेला फोन काढला, वाण लिहिलं, क्षेत्र लिहिलं, मग उकिडवी बसून हळदीच्या पानांचा फोटो घेतला. कॅमेरा बंद झाला. क्षणभर पडदा पांढरा झाला. माझा श्वास अडकला. मग ‘नोंद’ पान उघडलं, तिनं लिहिलेल्या अक्षरांसकट, आणि खाली तिचा फोटो. तिनं ‘ठेवा’ दाबलं, खालची दोन वाक्यं ओठ हलवत वाचली, फोन परत पदरात गुंडाळला आणि खुरपं उचललं. पान बदललं होतं का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, “कोणतं पान?”