मुक्या जिवाचे पोट आणि आतले पाहण्याची साधने



माणसाचे पोट दुखू लागले म्हणजे कुठे दुखते, केव्हापासून दुखते, काय खाण्यात आले, हे तो सांगू शकतो. कुत्र्यामांजरांना ही सोय नाही. ती कोपऱ्यात जाऊन बसतात, अन्न टाकतात, ओकतात, आणि आपण ‘उद्या पाहू’ म्हणून निजतो. पोटाची काही दुखणी मात्र अशी असतात की त्यांना उद्याचा दिवस दिसत नाही. अशा वेळी आतले पाहण्याचे कोणते साधन आधी वापरावे, हे ठरविणे पशुवैद्याचे काम खरे. पण ते कसे ठरते हे धन्यालाही ठाऊक असावे, कारण वेळ आणि पैसा हे दोन्ही त्याचेच खर्ची पडत असतात.

मुक्या प्राण्यांची शुश्रूषा या प्रांताला नवी नाही. १६८९ साली इंग्लंडहून निघून पुढे सुरतेस आलेल्या जॉन ऑव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने आपल्या प्रवासवर्णनात येथील जनावरांच्या इस्पितळाची नोंद करून ठेविली आहे. त्या काळी दया होती, पण आत डोकावण्याचे साधन नव्हते. विल्हेल्म राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि ते मिळाले. आज क्ष-किरणांचा फोटो, सोनोग्राफी आणि सी.टी. स्कॅन अशी तीन साधने हाताशी आहेत. यांतले थोर कोणते, असे विचारू नये. कोणत्या दुखण्याला कोणते साजते, असे विचारावे.

आमचे कडोदरा हमरस्त्यावरचे गाव. वाहनाखाली सापडलेले कुत्रे येथे नवलाचे नाही. वरून जखम दिसत नाही, पण हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत आणि श्वास जलद चालला आहे, अशा कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. येथे सोनोग्राफी पुढे येते. छातीच्या पिंजऱ्यामागे, मूत्राशयापाशी आणि दोन्ही कुशींवर अशा चार ठिकाणी यंत्र टेकविले की मोकळा द्रव काही मिनिटांत दिसतो. मग सुईने थेंब काढून ते रक्त की मूत्र हे ठरविता येते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाहनाच्या धडकेने जखमी झालेल्या १०० कुत्र्यांची अशी तपासणी झाली, तेव्हा ४५ कुत्र्यांच्या पोटात असा द्रव आढळला. क्ष-किरणांच्या फोटोत हाच द्रव सारे अवयव धूसर करून टाकतो.

याच्या उलट प्रकार जठराला पीळ पडण्याचा. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचे जठर एकाएकी वायूने फुगते आणि फिरते. कुत्रे ओकारीसाठी धडपडते, पण बाहेर काही पडत नाही. वायूतून सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी पार जात नाहीत, म्हणून येथे क्ष-किरणच हवेत. तेही अवघड अवस्थेतल्या प्राण्याला उताणे न पाडता, उजव्या कुशीवर निजवून. एका मोठ्या फुग्यावर दुसरा लहान फुगा बसावा आणि मध्ये घडी दिसावी, असे चित्र उमटले की निदान झाले. मात्र शिरेतून द्रव देणे आणि जठरातील वायूचा ताण उतरविणे ही कामे फोटोसाठी खोळंबू देऊ नयेत.

तिसरा प्रकार गिळलेल्या वस्तूंचा. हाड, खडा, सुई ही क्ष-किरणांत स्वच्छ दिसतात. आंब्याची कोय किंवा फडके तितके स्पष्ट दिसत नाही. तुंबलेल्या, फुगलेल्या आतड्यावरून अंदाज बांधावा लागतो, आणि तेथे सोनोग्राफी संशय फेडते. सुरतेकडे धाग्याला तोटा नाही, आणि मांजराला धाग्याचे वेड. धाग्याचे एक टोक जिभेखाली अडकते, दुसरे आतड्यात उतरते, आणि लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओढावी तसे आतडे चुणते. असा धागा तोंडातून वा गुदद्वारातून लोंबताना दिसला तरी ओढू नये. तो आतड्याला करवतीसारखा कापत जातो.

माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी कुत्री फार पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय घ्यावा. तेथे सोनोग्राफी सरस. गर्भाची हाडे साधारण दीड महिन्यापर्यंत क्ष-किरणांत उमटत नाहीत. त्यामुळे नुसत्या फोटोवरून गर्भ आणि पू यांत गफलत होऊ शकते. बोक्याची लघवी अडली असेल, तर अडथळा दूर करणे हे पहिले काम. खडे शोधण्यासाठी फोटो त्यानंतर.

राहता राहिला सी.टी. स्कॅन. तो पुष्कळ दाखवितो. पण प्राणी निश्चल राहावा म्हणून बहुधा गुंगी किंवा भूल द्यावी लागते, खर्चही मोठा. रक्तदाब ढासळलेल्या जनावराला त्यासाठी दूरच्या शहरी धाडणे म्हणजे वाटेतच त्याला गमावण्याचा धोका पत्करणे होय.

म्हणून गृहस्थाने वैद्याला एवढेच विचारावे : “या तपासणीने उपचारात काय फरक पडेल?” उत्तर मिळाले तर खर्च सार्थकी लागेल. कधी उत्तर असेही येईल की तपासणी पुरे, आता शस्त्रक्रियाच हवी. तेव्हा कचरू नये. तोवर घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये; पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. खाऊ घालू नये. काय गिळले, केव्हा ओकले, लघवी केव्हा झाली, हे कागदावर टिपून न्यावे. तोंड नसलेल्या रोग्याचे ते टिपण म्हणजे त्याचीच वाणी होय, आणि कोणते यंत्र आधी लावायचे हे वैद्य पुष्कळदा त्यावरूनच ठरवितो.