आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा
मुला-मुलीकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांना बी-२ व्हिसा लागतो. तिथल्या कायद्याचं कलम २१४ (बी) अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालतं. तसं नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी आपली.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत जेमतेम काही मिनिटं चालते. कागदांची जाड फाईल अधिकारी उघडतीलच असं नाही. अनेकजण मुलाचा पगार, त्याचं मोठं घर हेच सांगत बसतात. माझ्या मते घोडं इथेच अडतं. त्यातून खर्च कोण करणार ते कळतं. तुम्ही परत का याल, ते कळत नाही. ते तुमच्या इथल्या संसारातून दिसायला हवं: चालू दुकान, शेती, नोकरीतली मंजूर रजा, घरी असलेली म्हातारी आई. किती आठवडे राहणार ते नेमकं सांगा. डीएस-१६० अर्जात लिहिलेलं आणि तोंडी सांगितलेलं जुळलं पाहिजे. इंग्रजी जमत नसेल तर संकोच नको, मराठीतून बोलता येतं.

खोटं मात्र अजिबात नको. त्यापायी कायमची बंदी येऊ शकते. कलम २१४ (बी) खाली नकार आला तर अपील नसतं, पण पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज करता येतो.